गच्चीवरच्या छत्रीची नजर

मुंबईच्या गच्च्या कोणीकडे पाहतात, असा प्रश्न कोणी केल्यास आम्ही बेधडक उत्तर देऊ की आग्नेयेकडे. गिरगावातील एखाद्या वाडीच्या कौलांवरून, दादरच्या इमारतीच्या कठड्यावरून किंवा लालबागच्या चाळीच्या गॅलरीतून बाहेर डोकावणाऱ्या त्या तबकड्या, ज्यांस आपण सारे ‘छत्री’ म्हणतो, एकजात त्याच दिशेस तोंड करून उभ्या असतात. पश्चिमेस एवढा समुद्र पसरलेला, पण त्याच्याकडे पाहणारी घरगुती छत्री शोधून सापडणार नाही. पूर्वी असे नव्हते. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, तेव्हा कौलांवर ॲल्युमिनियमच्या काड्यांची ती सांगाड्यासारखी वस्तू आली आणि ती मात्र वरळीकडे पाही. गिरगावातली उत्तरेस पाही, दादरची नैर्ऋत्येस पाही. कावळा बसला की तिचे तोंड फिरे आणि घरातील एखादा मुलगा वर चढून ‘आता दिसते का?’ असे ओरडून विचारी. त्या काळी दिशा चुकली तर ती डोळ्यांनी कळत असे, कारण वरळीचा मनोरा सर्वांस दिसत होता. आता ज्याच्याकडे पाहावयाचे तो उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंच आहे आणि तो कोणासही दिसत नाही.

शिवाय ही छत्री स्वतःच्या नजरेविषयी पाहणाराची फसवणूक करते. मुंबईहून ८३ अंश पूर्व रेखांशावरचा उपग्रह पाहावयाचा तर दक्षिणेकडून पूर्वेस सुमारे २९ अंश वळावे लागते आणि क्षितिजापासून ६५ अंश, म्हणजे जवळजवळ डोक्यावरच, मान उंच करावी लागते. परंतु छत्री पाहावी तर ती जेमतेम ४० अंशांनी मागे रेललेली दिसते. नवखा मनुष्य म्हणेल की ही समोरच्या इमारतीच्या चौथ्या मजल्याकडे पाहत आहे. याचे कारण असे की घरगुती छत्री ही पूर्ण वाटी नव्हे, ती एका मोठ्या वाटीचा वरच्या बाजूने कापून घेतलेला तुकडा आहे. तिचा डोळा, म्हणजे पुढे दांडीवर बसवलेली ती गोल तोंडाची डबी, वाटीच्या मध्यासमोर नसून खाली असतो, म्हणजे त्याची सावली वाटीवर पडत नाही. त्यामुळे तिची खरी नजर तिच्या चेहऱ्याहून बावीस-पंचवीस अंश वर असते. सासूबाईंनी खाली मान घालून पोळी लाटता लाटता दारातून कोण आले ते ओळखावे, तसाच हा प्रकार.

या नजरेचा विचार आम्हांस करावा लागला तो हौसेने नव्हे. आमचे बिऱ्हाड दादरला जुन्या तीन मजली इमारतीत आहे. दादा, वहिनी, आम्ही, आमचे कुटुंब, धाकटे बंधू व त्यांची मंडळी, मुले, आणि या सर्वांवर आमच्या आत्याबाई. आत्याबाईंस यंदा चौऱ्याऐंशी वर्षे पूर्ण झाली. त्या शिक्षिका होत्या, निवृत्तिवेतन घेतात, आणि भावाच्या घरी राहतात या गोष्टीस पन्नास वर्षे झाली तरी कोणाचे एका पैचे ओझे आपल्यावर होऊ नये अशी त्यांची दक्षता असते. मागील खोलीत त्यांचा लहानसा दूरदर्शन संच आहे. त्यावर त्या ‘सह्याद्री’ वाहिनी पाहतात, आणि ती दूरदर्शनच्या फुकट मिळणाऱ्या सेवेवरून. ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. तिला महिन्याचे भाडे नाही, म्हणूनच ती आत्याबाईंस मान्य. पुढच्या खोलीतला मोठा संच पैसे भरून घेतलेल्या सेवेवर चालतो. तेथे क्रिकेट, बातम्या आणि मुलांची चित्रे. तीही सेवा सह्याद्री दाखवते, हे आम्ही आत्याबाईंस अनेकदा सांगितले. ‘तुमच्या पैशांत माझी वाहिनी नको’, एवढेच त्यांचे उत्तर. अशा रीतीने गच्चीवर आमच्या दोन छत्र्या होत्या. एक ८३ अंशांच्या उपग्रहाकडे पाहणारी, दुसरी ९३.५ अंशांच्या.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात इमारतीच्या गच्चीचे पाणी अडवण्याचे काम निघाले. वर छत्र्यांचे रान माजले होते, प्रत्येकीने लादीत खिळे ठोकलेले, आणि त्याच भोकांतून खालच्या मजल्यावर गळत होते. काम झाल्यावर मंडळींनी ठराव केला की यापुढे प्रत्येक बिऱ्हाडास एकच छत्री. ठराव रास्त होता. आम्हीही त्यावर सही केली. एक छापील कागद आला, त्यावर बिऱ्हाडाच्या प्रमुखाचे नाव लिहावयाचे होते. रात्री जेवताना धाकटे बंधू सहज म्हणाले, ‘त्यात काय, आत्याबाईंचे नाव वेगळे बिऱ्हाड म्हणून लिहू, दोन छत्र्या राहतील.’ त्यांच्या मनात काही नव्हते. व्यवहारातली एक सोय त्यांनी सुचवली. परंतु पंक्तीत कोणी काही बोलले नाही. वहिनींनी वाढावयाची पळी तशीच हातात धरली. आत्याबाई ताकभात कालवीत होत्या, त्या कालवीतच राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वहिनींस म्हणाल्या, ‘माझी ती पेटी कोणास हवी असेल तर देऊन टाक. मला हल्ली डोळ्यांनी फार पाहवत नाही.’

दादांनी कागदावर एकच नाव लिहिले, आणि आम्हांस म्हणाले, ‘एका छत्रीत दोन्ही बसवता येते का ते पाहा.’

येते. केबलवाल्यांनी हा प्रयोग पुष्कळ वर्षांपूर्वीच केलेला आहे. १९९१ साली आखाती युद्धाच्या बातम्यांनी आणि त्या पाठोपाठ आलेल्या परदेशी वाहिन्यांनी मुंबईकरांस उपग्रहाचे वेड लावले, तेव्हा वाड्यावाड्यांत आठ आठ, बारा बारा फुटी छत्र्या उभ्या राहिल्या. आरंभी एका छत्रीस एकच डोळा असे. मग वाहिन्या निरनिराळ्या उपग्रहांवर गेल्या, गच्चीवर जागा तेवढीच राहिली, आणि कोणा हुशार कारागिराने मुख्य डोळ्याच्या शेजारी दुसरा, तिसरा डोळा बांधून दिला. नाभीवरून बाजूस सरकवलेला डोळा आकाशातील दुसऱ्या ठिकाणी पाहतो, हे तत्त्व त्यास कोणी शिकवले नव्हते.

आमच्याकडे आलेला तरुणही त्याच जातीचा. तो परळकडचा, शिक्षण बेताचे, पण हात पक्का. आम्ही त्यास विचारले की पूर्वेकडचा उपग्रह पाहण्यास डोळा पूर्वेस सरकवावयाचा की पश्चिमेस? तो हसून म्हणाला, ‘काका, इकडे ढकललं की ते तिकडं बघतं.’ यापेक्षा थोडक्यात हे शास्त्र सांगता येईल असे आम्हांस वाटत नाही. कॅरममध्ये आपण स्ट्रायकर डावीकडे घेतला आणि कडेच्या मध्यावर मारला तर तो उजवीकडे परततो, लाटेचेही तेच. डोळा मध्यरेषेच्या ज्या बाजूस, झोत त्याच्या विरुद्ध बाजूस. झोत हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. छत्री काही फेकत नाही, केवळ घेते, हे खरे. परंतु जी छत्री ज्या दिशेस उत्तम फेकील त्याच दिशेकडून ती उत्तम घेते, असा निसर्गाचा नियम असल्यामुळे ऐकण्याच्या दिशेसही झोतच म्हणण्याचा प्रघात आहे.

आता किती सरकवावे? येथे केवळ कॅरमने भागत नाही. सपाट आरसा असता तर हिशेब सोपा होता. डोळा जितक्या अंशांनी बाजूस गेला तितक्याच अंशांनी झोत वळला असता. अन्वस्त आकाराच्या खोल वाटीत झोत त्याहून कमी वळतो. आठ फुटी गोल छत्री घ्या, जिचा डोळा वाटीच्या तळापासून ३८ इंचांवर आहे. तो चार इंच बाजूस सरकवला तर तळापासून पाहता तो ६ अंशांनी सरकला. परंतु झोत मात्र पाच अंशांच्या किंचित अलीकडेच थांबतो. सहाचे पाच का झाले, हे कोडे आम्ही पुतण्याच्या साहाय्याने सोडवले. तो माटुंग्यास अभियांत्रिकी शिकतो.

पाडव्याच्या शोभायात्रेत गिरगावातून लेझीमचे पथक वळणावर येते ते आठवावे. रांग सरळ ठेवून वळावयाचे तर मध्यापासून जो जितका दूर, त्याने तितके अधिक अंतर तोडले पाहिजे. पाच हात दूर असलेल्याने एक पाऊल, तर दहा हात दूर असलेल्याने दोन. छत्रीवर तिरप्या येणाऱ्या लाटेचे असेच आहे. एक कड तिला आधी भेटते, दुसरी नंतर. आणि डोळा बाजूस सरकवण्याचा उद्देश हा की हे मागेपुढे झालेले अंतर भरून यावे. मध्याजवळच्या भागात ते बरोबर प्रमाणात भरून येते. परंतु कडेचा भाग डोळ्याकडे वाकलेला असतो, तो डोळ्यास तिरपा पाहतो, आणि त्यामुळे डोळा सरकल्याने त्याच्या वाट्यास येणारा बदल पाहिजे त्याहून कमी पडतो. वर सांगितलेल्या प्रमाणाच्या वाटीत अगदी कडेशी तो सुमारे ७२ टक्केच असतो. मधले शंभर म्हणतात, कडेचे बहात्तर म्हणतात, आणि झोत या सर्वांच्या मताने कोठेतरी ब्याऐंशीच्या आसपास ठरतो. अमेरिकेतील लो नावाच्या विद्वानाने १९६० साली याचे सुटसुटीत सूत्र दिले, ते अद्याप वापरात आहे. वाटी जितकी उथळ तितका हा आकडा शंभराच्या जवळ जातो.

पण वळण कमी पडते, एवढ्यानेच सुटका नाही. मध्याचे एक मत आणि कडेचे दुसरे, म्हणजे लेझीमची रांग सरळ न राहता वाकली. झोत पसरट होतो, त्याची एक बाजू शेपटासारखी वाढते, आणि मुख्य दिशेचे बळ घटते. उपरोक्त आठ फुटी छत्रीत झोत स्वतःच्या चार रुंदींइतका बाजूस नेला तर सुमारे एक पंचमांश बळ नाहीसे होते. अधिक ओढाल तर अधिक.

हे सर्व आम्हांस अगदीच नवे नव्हते. नारायणगावाजवळ खोडद येथे रेडिओ दुर्बिणी आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उभारलेल्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस वाट्या. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तेथे सर्वांस प्रवेश असतो, आणि एकदा आम्ही सहकुटुंब गेलो होतो. एवढी मोठी वस्तू दोराने ताणलेल्या बारीक तारांच्या जाळीची असावी, वाऱ्यास ती मोकळी वाट देते म्हणून टिकावी, हे पाहून वहिनी म्हणाल्या होत्या की ही तर मोठी गाळणीच. प्रत्येक वाटीच्या नाभीवर, तळापासून साडेअठरा मीटरांवर, चार तोंडांचा एक फिरता ठोकळा आहे. त्याच्या तोंडांवर निरनिराळ्या तरंगलांबीचे डोळे. हवे ते तोंड वळवून वाटीसमोर आणतात. तो किंचित कमीअधिक वळला किंवा वाटी कलल्यावर आधाराचे खांब जरासे वाकले तरी झोत दुसरीकडे जातो, आणि पाहणारास ते कळण्याचा डोळ्यांनी काही उपाय नाही. म्हणून ठिकाण पक्के माहीत असलेल्या आकाशातील तेजस्वी रेडिओ स्रोतावरून वाटी आडवी-उभी फिरवून पाहतात. आवाज जेथे सर्वांत मोठा, तेथे झोत. जेवढा फरक निघेल तेवढा हिशेबात धरतात. ज्यांनी हे सारे उभारले त्या गोविंद स्वरूप यांची सुरुवातही आपल्या शेजारीच झाली. ऑस्ट्रेलियात वापरून झालेल्या सहा फुटी बत्तीस तबकड्या त्यांनी येथे आणल्या आणि १९६५ साली कल्याणला मांडून त्यांनी सूर्याचे निरीक्षण केले. कल्याणच्या लोकलमधून उतरणाऱ्या किती जणांस हे ठाऊक असेल? असो.

तर त्या तरुणाने आमची छत्री ८३ अंशांच्या उपग्रहावर अचूक बसवली, एक पत्र्याची पट्टी दांडीस बांधून तिच्यावर दुसरा डोळा आणला, आणि मोबाइलवर आकडे पाहत पट्टी हाताने वाकवत वाकवत आत्याबाईंची वाहिनी आणून दिली. चित्र स्वच्छ आले. आत्याबाईंनी त्यास चहा आणि शंकरपाळे दिले.

मृग लागला आणि पाऊस सुरू झाला. जुलैच्या मध्यावर केव्हातरी आमच्या कुटुंबाच्या ध्यानात आले की सकाळी मागच्या खोलीतून अभंगाचा आवाज येईनासा झाला आहे. विचारले तर आत्याबाई म्हणाल्या, ‘डोळ्यांना त्रास होतो, म्हणून लावीत नाही.’ डोळ्यांच्या डॉक्टरांस दाखवले, त्यांनी सांगितले की वयाच्या मानाने दृष्टी उत्तम आहे. मग एके दिवशी पुतण्याने त्या नसताना संच लावून पाहिला. बाहेर साधी भुरभूर होती आणि पडदा काळा होता. दीड महिना हे असेच चालले होते. पुढच्या खोलीत चित्र शाबूत, मागच्या खोलीत चार थेंब पडले की काळोख. आणि आत्याबाईंनी त्याचा उच्चार केला नाही, कारण उच्चार केला असता तर पुन्हा त्या कागदाचा आणि दुसऱ्या बिऱ्हाडाचा विषय निघाला असता.

पावसात चित्र जाते याचे कारण लहान लाटांस पाण्याचे थेंब शोषून घेतात. ज्या डोळ्याजवळ बळाची शिल्लक आहे तो थोडी वजावट सोसतो. जो आधीच काठावर आहे तो पहिल्या सरीसच बुडतो. तेव्हा आत्याबाईंचा झोत उपग्रहावर नीट नाही, हे उघड होते. पण किती चुकला, कोणीकडे चुकला? पावसाळ्यात निसरड्या गच्चीवर दादा कोणास चढू देईनात. आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

दोन्ही उपग्रहांच्या रेखांशांत साडेदहा अंशांचे अंतर आहे. ते पृथ्वीच्या मध्यापासून मोजलेले. आपण पृष्ठभागावर, म्हणजे त्यांच्या अधिक जवळ उभे, म्हणून आपणांस ते सुमारे १२ अंश दिसते. आमच्या छत्रीच्या मध्यापासून डोळ्यापर्यंत ४४ सेंटीमीटर भरले. या कापलेल्या वाटीत तळापासूनच्या अंतराऐवजी मध्यापासूनचे हेच अंतर धरले तर साधे प्रमाण बरेच जुळते; म्हणजे दोन डोळ्यांमध्ये सुमारे साडेनऊ सेंटीमीटर हवे. तेवढे होते. मग बिघडले काय? बिघडली ती पट्टीची आडवी रेषा. मुंबईच्या आकाशात हे दोन उपग्रह एका पातळीवर नाहीत. ८३ अंशांचा ६५ अंश उंच, तर ९३.५ अंशांचा त्याच्या डावीकडे आणि साडेसात अंश खाली. दोघांस जोडणारी रेषा क्षितिजाशी सुमारे ३७ अंशांचा कल करते. छत्रीच्या मागे उभे राहून पाहिले तर पूर्वेचा उपग्रह डाव्या हातास खाली, म्हणून त्याचा डोळा उजव्या हातास वर पाहिजे, इकडचे तिकडे या न्यायाने. विषुववृत्तापासून दूरच्या थंड देशांत हा कल थोडा असतो, तेथे सपाट पट्टी चालून जाते. मुंबईत चालत नाही. त्या तरुणाने हाताच्या अंदाजाने पट्टी बरीच वर वाकवली होती. पुरेशी वाकवली होती की नाही हाच प्रश्न.

तो सोडवण्यास आम्ही सूर्यास बोलावले. वर्षातून दोनदा, संपाताच्या आगेमागे, सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याच्या स्वतःच्या गोंगाटात काही मिनिटे चित्र विरते. आपण उत्तर गोलार्धात असल्यामुळे मुंबईस हा योग वसंतसंपाताच्या आठ दिवस आधी आणि शरदसंपाताच्या आठ दिवस नंतर येतो, म्हणजे १२ मार्च आणि १ ऑक्टोबर यांच्या सुमारास. जो उपग्रह दिसत नाही, त्याच्या जागी त्या क्षणी साक्षात सूर्य उभा असतो. छत्रीच्या मध्यावर एक बारीक आरसा चिकटवला तर त्याचा कवडसा जेथे पडेल तेथेच डोळा हवा. आत्याबाईंच्या कशिद्याच्या डब्यात जुन्या चोळीचे बारीक गोल आरसे होते. त्यांतला एक मागून घेतला. कशासाठी ते सांगितले नाही.

१ ऑक्टोबरला आकाशात ढग होते, पण विरळ. हिशेबाप्रमाणे ९३.५ अंशांच्या मागे सूर्य सकाळी १० वाजून ५२ मिनिटांनी येणार होता आणि ८३ अंशांच्या मागे ११ वाजून ४१ मिनिटांनी. पुतण्या घड्याळ धरून, आम्ही पेन्सिल धरून, दादा छत्री (पावसाची) धरून. पावणेअकरास कवडसा आत्याबाईंच्या डोळ्याच्या वरच्या कडेवर थरथरत होता. ठरल्या मिनिटास तो डबीच्या मध्यापासून जवळजवळ सव्वा सेंटीमीटर वर होता. ४४ सेंटीमीटरांत सव्वा सेंटीमीटर म्हणजे दीड अंशाहून थोडे अधिक. डोळा खाली, म्हणजे नजर वर. आत्याबाईंचा झोत उपग्रहाच्या डोक्यावरून दीड अंश वर पाहत होता. साठ सेंटीमीटरच्या छत्रीचा झोत सुमारे तीन अंश रुंद असतो; त्यात दीड अंश चुकणे म्हणजे निम्मे बळ गमावणे. स्वच्छ हवेत निम्म्यावर भागते, पावसात भागत नाही.

त्यानंतर आम्ही तिघे काही न बोलता तो कवडसा पाहत राहिलो. सूर्य आकाशात उजवीकडे वर सरकत होता आणि ठिपका डावीकडे खाली. एकोणपन्नास मिनिटांत साडेनऊ सेंटीमीटर, एका तिरक्या रेषेवरून, आत्याबाईंच्या डोळ्याकडून मुलांच्या डोळ्याकडे. ११ वाजून ४१ मिनिटांनी तो मुलांच्या डोळ्याच्या बरोबर तोंडात जाऊन बसला. तेथे केसाएवढीही चूक नव्हती.

पट्टी आणखी वाकवली म्हणजे झाले, असे आम्हांस वाटले. दादांस तसे वाटले नाही. त्यांनी विचारले, ‘मधला डोळा मुलांचा आणि बाजूचा आत्याबाईंचा, बाजूला असल्याची झीज तिलाच ना?’ होय म्हणालो. ‘मग छत्रीच थोडी फिरवून दोघांनाही मध्यापासून सारखे बाजूला ठेवता येणार नाही का?’ पुतण्याने तेथेच कठड्यावर हिशेब केला. कडेच्या बिघाडाने होणारी झीज सरकण्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अंतर निम्मे केले की झीज चौथाई. म्हणजे बारा अंश एकाच्या वाट्यास देण्याऐवजी सहा-सहा दोघांस दिले तर प्रत्येकाची झीज पूर्वीच्या चौथाई, आणि दोघांची मिळून निम्मीच. दादांस वर्ग आणि चौथाई यांत रस नव्हता. ‘मग फिरवा’, एवढेच ते म्हणाले. पुढच्या खोलीच्या मंडळींची संमती घेण्याचे काम त्यांनी स्वतःकडे ठेवले. धाकटे बंधू ऐकताच नट आवळण्याचा पाना घेऊन वर आले.

दुसऱ्या दिवशी गांधीजयंतीची सुटी होती. परळच्या त्या तरुणास बोलावले. आमची आकृती पाहून तो म्हणाला, ‘हे तर आमच्याकडे कोणीच नाही करत’, आणि मग ते आमच्याहून दसपट चपळाईने केले. सूर्य एका दिवसात थोडा खाली सरकलेला असतो, त्यामुळे कवडसा तीन मिलीमीटर वर पडणार हे आधी वजा घातले. मध्यापासून एक डोळा पावणेपाच सेंटीमीटर उजवीकडे वर, दुसरा तेवढाच डावीकडे खाली. दोन्ही योग साधले. आरसा छत्रीवर तसाच राहू दिला आहे. एवढ्याशा आरशाने काही बिघडत नाही, आणि पुढल्या संपातास पट्टी वाऱ्याने हलली की काय ते पाहता येते. आमच्या आग्नेयेस एक उंच इमारत होऊ घातली आहे, तिचीही आम्ही मोजदाद ठेवतो, ९३.५ अंशांच्या उपग्रहासाठी दहा मीटरांवर साडेपंधरा मीटरांपेक्षा उंच भिंत आली की नजर अडते. तूर्त ती पुष्कळ लांब आहे.

आत्याबाईंस आम्ही एवढेच सांगितले की तुमचा डोळा नीट केला. त्या म्हणाल्या, ‘माझा डोळा चांगलाच होता.’

यंदाच्या पावसाळ्यात भुरभुरीत दोन्ही संच चालले. धो धो पाऊस आला की दोन्ही एकदमच जातात, मागचा आधी आणि पुढचा नंतर असे होत नाही. अशा वेळी आत्याबाई कशिद्याचा डबा घेऊन पुढच्या खोलीत येऊन बसतात, आणि मुले त्यांच्याजवळ पत्त्यांचा डाव मांडतात.